‘रिसर्चवाले सर’, राजारामपुरी, कोल्हापूर: प्रोजेक्टसाठी संशोधन शिकवणाऱ्या रविवारच्या क्लासबद्दल

एमबीए, एमकॉम किंवा बीबीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट समोर आहे आणि तो स्वतःच करायचाय, अशांसाठी हे लिहितेय. तयार प्रोजेक्ट हवा असणाऱ्यांची सोय कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत आधीच झालेली असते. पेनड्राइव्ह द्यायचा, कंपनीचं नाव सांगायचं आणि संध्याकाळी स्पायरल बाइंडिंग करून घेऊन जायचं. त्यांना या क्लासचा काही उपयोग नाही.

क्लासला नाव नाही, बाहेर पाटीही नाही. राजारामपुरीच्या एका गल्लीत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी साडेनऊ ते एक. सर निवृत्त प्राध्यापक आहेत, मूळचे संख्याशास्त्राचे. सगळे त्यांना ‘रिसर्चवाले सर’ म्हणतात, आणि ते स्वतः जाहिरात करत नाहीत म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही. फी साडेचार हजार, दोन हप्त्यांत. मुदत दोन महिने. बॅचला दहा-बाराच्या वर माणसं घेत नाहीत. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, फळा पांढरा, मार्कर मात्र कायम संपत आलेला.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) परचेसला आहे. नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून एमबीए करतेय. बॅचमध्ये वयाने सगळ्यांत मोठी मीच, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून सगळ्यांची ‘ताई’ झाले. बाकीच्यांत चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, घरचं दुकान असलेला एक मुलगा, गुळाच्या अडतीच्या घरातली एक मुलगी, बँकेत लागलेले दोघं, आणि बाकी सगळी ‘कंपनी कुठली घेऊ तेच ठरंना’ या गटातली.

सुरुवातीचे दोन रविवार सरांनी फक्त प्रश्नावर घालवले. प्रश्नावलीवर नव्हे, प्रश्नावर. प्रत्येकाने आपापलं शीर्षक फळ्यावर लिहायचं होतं. नऊ जणांची शीर्षकं जवळपास सारखीच निघाली: ‘अ स्टडी ऑन कस्टमर सॅटिसफॅक्शन, विथ स्पेशल रेफरन्स टू कोल्हापूर सिटी’. सर प्रत्येकाला एकच विचारायचे, “याचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तर उद्या सकाळी कोण काय बदलणार?” कुणाला काही सुचलं नाही की शीर्षक पुसलं जायचं. एक मुलगा म्हणाला, “सर, पण आमच्या गाईडनी हेच शीर्षक दिलंय.” सर म्हणाले, “शीर्षक राहू दे बाळा. आत प्रश्न कुठला आहे, ते सांग की.” तिथे माझे साडेचार हजार वसूल झाले, असं मी म्हणेन.

माझा विषय ऑफिसातून आला होता. आमच्या फाउंड्रीचं कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगला बाहेर जातं, मजुरीवर काम करणाऱ्या छोट्या जॉबवर्क शॉपकडे. कुठे दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीन), कुठे एक जुना लेथ, मालक स्वतःच ऑपरेटर. या लोकांचे पैसे कधी मिळतात, हा रोजचा विषय. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे कधी द्यायचे हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आधीच लिहिलेलं आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर हे जुनंच. नवीन काय, तर आयकर कायद्यात ४३ बी मध्ये ‘एच’ हे कलम आलं, ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. आता मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करातून वजा मिळत नाही. त्या मार्च महिन्यात आमच्या अकाउंट्सला जी धावपळ झाली ती मी डोळ्यांनी बघितलेली. म्हणून माझा प्रश्न: शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या जॉबवर्क शॉपना बिलापासून पैसे मिळायला लागणारे दिवस या कलमानंतर खरोखर कमी झाले का?

सरांना प्रश्न आवडला, पण त्यांनी लगेच त्याच्या मुळाशी हात घातला. “दिवस कुठून आणणार? मालकाला विचारणार?” मी म्हटलं, हो. त्यांनी सांगितलं की ‘साधारण किती दिवसांनी पैसे येतात’ हा प्रश्न प्रश्नावलीत नकोच. शेवटची पाच बिलं काढायला सांगायची, टॅलीतून किंवा वहीतून, आणि बिलाची तारीख व पैसे जमा झाल्याची तारीख अशा दोनच गोष्टी लिहून घ्यायच्या. २०२२-२३ ची पाच आणि २०२४-२५ ची पाच. ट्रायल म्हणून मोजक्या शॉपमध्ये दोन्ही पद्धतींनी विचारून बघितलं, तेव्हा सर काय म्हणत होते ते कळलं. तोंडी विचारलं की बहुतेक जण ‘पंचेचाळीस’ सांगतात, कारण कायद्यातला आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. वही काहीतरी वेगळंच सांगते. पुस्तकात ‘व्हॅलिडिटी’वर, म्हणजे जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का यावर, पानंच्या पानं असतात. मला ती एका वहीत समजली.

दुसरी अडचण त्याहून नाजूक होती. मी परचेसची. ज्या माणसाला मी दर महिन्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) देते, तो माझ्या तोंडावर ‘तुमचे पैसे उशिरा येतात, मॅडम’ असं कसं म्हणेल? चहा मागवेल, ‘आमचं काही नाही हो, सगळं वेळेवर असतंय’ म्हणेल. सरांनी तोडगा काढला: मी आणि तो चप्पल लाइनचा मुलगा, दोघांनी फील्डवर्क बदलून घ्यायचं. माझे फॉर्म घेऊन तो शिरोलीला जाणार, आणि त्याचे फॉर्म घेऊन मी चप्पल लाइनला उभी राहणार. नावं फॉर्मवर नाहीत, फक्त क्रमांक, आणि क्रमांकाची यादी सरांकडे. कुठला फॉर्म कुठल्या शॉपचा हे माझ्यापर्यंत येणारच नाही, अशी व्यवस्था. कॉलेजच्या फॉरमॅटमध्ये ‘एथिक्स’ म्हणून एक पान असतं, ते सगळे कॉपी-पेस्ट करतात. इथे ते पान प्रत्यक्ष पाळायला लागलं.

त्या मुलाचा प्रोजेक्ट ऐकण्यासारखा आहे. त्याला जीआय टॅगचा, म्हणजे माल ठराविक भागातलाच असल्याच्या सरकारी नोंदीचा, विक्रीवर परिणाम बघायचा होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, तोही एकट्या कोल्हापूरला नाही: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्याच्या पहिल्या प्रश्नावलीत प्रश्न होता: ‘तुम्हाला जीआय टॅगबद्दल माहिती आहे का?’ पुढचा प्रश्न: ‘प्राडाने आपली चप्पल उचलली याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारखी दिसणारी सँडल आणली आणि त्यावरून बराच गदारोळ झाला, तेव्हा तो विषय त्याच्या डोक्यात ताजा होता. सरांनी दोन्ही प्रश्न कापले. माहिती आहे का विचारलं की माणूस ‘हो’च म्हणतो, नाही म्हणायला लाज वाटते. आणि दुसऱ्या प्रश्नात उत्तर आधीच कोंबलेलं आहे, ‘उचलली’ म्हटल्यावर कोण कौतुक करणार? त्याऐवजी दोन चपला समोर ठेवायच्या, एकीवर टॅगचा शिक्का आणि एकीवर नाही, आणि ‘या जोडीला तुम्ही किती द्याल’ एवढंच विचारायचं. कुणाला कुठली जोडी आधी दाखवायची तेही नाणं उडवून ठरवायचं.

फॉर्म कुणाकडून भरून घ्यायचे, यावर तर अर्धा रविवार गेला. चप्पल लाइनला रविवारी सकाळी उभं राहिलं तर सगळे अंबाबाईच्या दर्शनाला आलेले परगावचे लोक भेटतात. मंगळवारी दुपारी गेलं तर गावातली माणसं, आणि तीही मोजकीच. फक्त रविवारी फॉर्म भरून ‘कोल्हापूरच्या ग्राहकांचं मत’ असं शीर्षक दिलं तर ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचं मत ठरतं. म्हणून वारांचं आणि वेळांचं वेळापत्रक करून दिलं, आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आठव्या माणसालाच विचारायचं, आपल्याला बरा वाटेल त्याला नाही. मी तिथे उभी होते म्हणून सांगते, हे पाळणं सोपं नाही. आठवा माणूस नेमका तीन पिशव्या आणि रडणारं पोर घेऊन चाललेला असतो, आणि सातव्या आजी गप्पा मारायला तयार असतात.

आता ३८४ बद्दल. एमबीएच्या प्रत्येक अहवालात ‘सॅम्पल साइज ३८४’ का असतो, हे या क्लासच्या आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. ९५ टक्के खात्री, पाच टक्के चूक चालेल, आणि लोकसंख्येत अर्धे ‘हो’ अर्धे ‘नाही’ असं सर्वांत वाईट गृहीत धरलं, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, येतात ३८४.१६. इतकंच. लोकसंख्या अफाट मोठी असेल तेव्हाचा हा आकडा. माझ्या यादीत समजा २०० शॉप असतील, तर तोच हिशोब दुरुस्त करून १३२ येतो. क्रेसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये याचा तयार तक्ता केला, बहुतेक गाईड तोच पुढे करतात. सर तक्ता दाखवतात, पण लगेच म्हणतात की हा सगळा हिशोब चिठ्ठी टाकून निवडलेल्या नमुन्याचा आहे. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकून ३८४ भरले, तर गणित जुळतं आणि उत्तर तरीही खोटं असतं. मी उद्योजकांच्या संघटनेची छापील डिरेक्टरी घेतली, एक्सेलमध्ये रँडम आकडे काढले आणि त्या क्रमाने गेले. म्हणजे तो मुलगा गेला. शटर बंद असलेल्या शॉपचीही नोंद ठेवायला लावली, कारण बंद पडलेल्यांचे पैसेच बहुधा सगळ्यात जास्त अडकलेले असणार.

सॉफ्टवेअर शिकवायला सरांची एक माजी विद्यार्थिनी येते. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर महाग, त्यामुळे ती एक्सेल आणि जामोवी शिकवते. जामोवी फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आतून ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेवर चालतं आणि एसपीएसएस बघितलेल्याला दहा मिनिटांत सरावाचं होतं. तिने शिकवलेली एक गोष्ट मला फार कामाची वाटली: स्तंभ कसला आहे हे आधी सांगा. नाव आहे, क्रम आहे की मोजमाप आहे? ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये आणली, तेव्हापासून लोक तिची सरासरी काढत आलेत, आणि ती काढावी की नाही यावर वादही तितकाच जुना. क्लासमध्ये दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय आमच्यावर सोडला. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७ च्या वर आला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही, प्रश्नांची संख्या वाढवली तरी तो वाढतो, हेही दाखवलं. एकच प्रश्न चार वेगवेगळ्या शब्दांत विचारून अल्फा फुगवलेला एक जुना अहवाल त्यांनी नाव झाकून समोर ठेवला, तेव्हा अर्धा वर्ग खाली बघत होता.

माझ्या दिवसांच्या आकड्यांना सरासरी उपयोगाची नव्हती. एखाद्या शॉपचं एकच बिल रिजेक्शनच्या वादात वर्षभर अडकलं की सरासरी वर चढते आणि बाकीच्यांचं चित्र बिघडतं. म्हणून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतला, आणि त्याच शॉपचं आधीचं व नंतरचं असल्यामुळे विल्कॉक्सनची जोडीची चाचणी, फरक खरा की योगायोग ते बघायला. अहवाल अजून परीक्षकांकडे आहे, म्हणून निकाल इथे लिहीत नाही.

हा सॉफ्टवेअरचा भाग मात्र घाईत उरकतात. त्या मॅडम चांगल्या आहेत, पण दोन रविवारांत बारा जणांचे बारा वेगळे डेटा बघणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. शिवाय प्लग पॉइंट दोनच, त्यातला एक पंख्याचा. लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करून न्या.

वाचनाबद्दल एक चांगली सवय लागली. पहिल्याच आठवड्याचा गृहपाठ: शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयाजवळचे तीन पीएचडीचे प्रबंध उघडायचे आणि फक्त मागच्या परिशिष्टातली प्रश्नावली वाचायची. तीन प्रश्नावल्या वाचल्या की आपली कशी नसावी हे कळतं. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन छापील अहवाल बघायलाही पाठवतात. चॅटबॉटला विचारून संदर्भ आणलेले सर लगेच पकडतात. प्रत्येक संदर्भ वर्गातच उघडून दाखवायला सांगतात, आणि न उघडणारा संदर्भ म्हणजे नसलेला संदर्भ. एका मुलाचे अकरापैकी चार उघडलेच नाहीत. लेखक खरे, नियतकालिक खरं, लेख मात्र जगात नाही.

आता नाराजीचा भाग. सर फोनवर क्लासबद्दल सांगतात त्यात ‘रिसर्च मेथड्स आणि स्ट्रॅटेजिक अ‍ॅनॅलिसिस’ असं दोन्ही असतं. प्रत्यक्षात दुसऱ्या अर्ध्याला शेवटचे दोन रविवार मिळतात. त्यात धंद्याचं विश्लेषण करायच्या ठरलेल्या पद्धती: पेस्टल, फाइव्ह फोर्सेस, व्हॅल्यू चेन, स्वॉट, व्हीआरआयओ, अन्सॉफ आणि बीसीजी. कसं व्हायचं? अन्सॉफचा १९५७ चा चार चौकोनांचा तक्ता दहा मिनिटांत झाला. व्हॅल्यू चेनचा बाण काढला, फोटो घेतले, संपलं. बीसीजीत, म्हणजे धंद्यांना ‘गाय’, ‘कुत्रा’ अशा खान्यांत बसवणाऱ्या तक्त्यात, तर गाय आणि कुत्रा काढून मोकळे. १९७० चा तो तक्ता मुळात बाजारातल्या तुलनात्मक वाट्यावर उभा आहे: आपला वाटा भागिले सगळ्यात मोठ्या स्पर्धकाचा वाटा. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीचा वाटा कुठून काढायचा? त्या मुलीने विचारलं, सर म्हणाले, अंदाज करा. जो माणूस सात रविवार आम्हाला ‘हे कशावरून?’ विचारत होता, त्याने अंदाज करा म्हणावं हे मला पटलं नाही. बीसीजी सरळ वगळावं आणि तो वेळ दुसरीकडे द्यावा.

कुठे द्यावा, तर फाइव्ह फोर्सेसला. कारण ते त्यांनी खरंच छान घेतलं. मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये हे मांडलं: स्पर्धक, ग्राहक, पुरवठादार, नवे येणारे आणि पर्यायी माल या पाच शक्ती. आणि सर आधी एवढंच ठसवतात की हे कंपनीचं नसून उद्योगाचं विश्लेषण आहे. कंपनीचं नाव मध्ये लिहिलंत की पहिलीच रेघ चुकली. उदाहरण म्हणून माझी फाउंड्री घेतली आणि तासभर माझीच हजेरी झाली. मी म्हटलं, ग्राहक ताकदवान, कारण पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) त्यांच्या मालकीचा असतो, तो उचलून उद्या शेजारच्या फाउंड्रीत टाकता येतो. सर म्हणाले, “टाकता येतो हे झालं. गेल्या तीन वर्षांत किती पॅटर्न गेले?” ऑफिसात येऊन रजिस्टर बघितलं, तर गेलेले अगदीच थोडे. कारण नव्या फाउंड्रीचं सॅम्पल पास होणं, मशीनिंगची ट्रायल, मंजुरी यात महिने जातात आणि तेवढं थांबायला ग्राहकाचीही लाइन मोकळी नसते. म्हणजे ग्राहकाची ताकद पॅटर्न नेण्यात कमी, आणि पैसे लांबवण्यात व किलोमागे दर दाबण्यात जास्त. माझ्या मूळ प्रश्नाला हे येऊन असं चिकटलं की अहवालाचा एक अख्खा भाग त्यातून उभा राहिला. स्पर्धेच्या खान्यात मी शिरोलीतलीच नावं लिहिली होती. सरांनी बेळगाव, कोइम्बतूर, राजकोटही लिहायला लावलं.

पेस्टलमध्येही, म्हणजे राजकीय, आर्थिक, सामाजिक अशा बाहेरच्या घटकांच्या खान्यांत, असाच एक चांगला तास. वीजदर हा राजकीय घटक की आर्थिक, यावर दोन बँकवाले भांडत होते. सर म्हणाले, कुठल्याही खान्यात टाका, मला रुपये सांगा. इंडक्शन फर्नेसमध्ये टनभर लोखंड वितळवायला साधारण सहाशेच्या आसपास युनिट जातात. दर युनिटला एक रुपया वाढला तर किलोमागे साठ पैसे, तेही फक्त वितळवण्याचे. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, तेव्हा हे साठ पैसे सरळ अंगावर येतात. शिरोलीतले कारखानदार दर काही वर्षांनी कर्नाटकात जायची भाषा का करतात, ते बँकवाल्यांना तिथे कळलं.

स्वॉटमध्ये (ताकद, कमजोरी, संधी, धोका) ‘स्ट्रेंथ: क्वालिटी’ लिहिलेलं त्यांना चालत नाही. प्रत्येक ओळीपुढे आकडा, तारीख किंवा कागद हवा. चप्पलवाल्या मुलाने ताकदीच्या खान्यात जीआय लिहिलं होतं. त्यावर व्हीआरआयओ लावला: मौल्यवान आहे का, दुर्मीळ आहे का, नक्कल अवघड आहे का, दुकानाची घडी त्याचा फायदा उठवण्यासारखी बसलीय का? दुसऱ्याच प्रश्नाला जीआय अडकला. आठ जिल्ह्यांतले सगळे नोंदणीकृत कारागीर तो वापरू शकतात, मग शेजारच्या दुकानापेक्षा याचं वेगळं काय? मग हळूहळू निघालं की त्यांच्याकडे कापशी प्रकारचा जोड करणारे दोन म्हातारे कारागीर आहेत, त्यांची वेणी लाइनमध्ये दुसऱ्या कुणाकडे तशी येत नाही, आणि दोघांचीही मुलं एमआयडीसीत कामाला आहेत. ताकद आणि धोका एकाच वाक्यात. पोरगा थोडा वेळ गप्पच बसला. अशी आणखी चार-पाच उदाहरणं झाली असती तर मी हे सगळं इतक्या तक्रारीच्या सुरात लिहिलं नसतं.

स्वॉट भरून झाल्यावर पुढे काय, हा भाग मात्र हातात कागद देऊन उरकला. वाइरिख यांनी १९८२ मध्ये सुचवलेली टोज पद्धत, म्हणजे ताकद आणि संधी, ताकद आणि धोका अशा जोड्या लावून त्यातून कृती काढायची, ती घरी करायला सांगितली. घरी कोण करतंय.

भाषेची काळजी नको. सर मराठीत शिकवतात, संज्ञा इंग्रजीच ठेवतात, आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा असेल तर वाक्यं तपासून देतात. नोट्स हाताने लिहिलेल्या, झेरॉक्स केलेल्या, काही पानं वाचता येत नाहीत. तापट आहेत. मोबाइल वाजला तर खाली पाठवतात. एकदा मला आमच्या मालकांचाच फोन आला, तरी जिना उतरायला लागलं. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, दवाखान्यासमोर लावली तर कंपाउंडर ओरडतो.

फुकटात शिकायचं असेल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर रिसर्च मेथडॉलॉजीचे कोर्स आहेत, मी त्यातला एक अर्धा केलाही. तिथे शिकवण्यात काही कमी नाही. फक्त ‘हे कशावरून?’ असं विचारणारा माणूस तिथे नाही, आणि माझ्या वहीतल्या तारखा बघून ‘हे बिल दोनदा आलंय’ म्हणणाराही नाही.

पाचपैकी गुण द्यायचेच तर सॉफ्टवेअरच्या आधीच्या रविवारांना पाच, सॉफ्टवेअरला साडेतीन, स्ट्रॅटेजीला तीन. त्यातला एक गुण फाउंड्रीच्या त्या तासाचा.

सबमिशनला महिना उरलेला असताना सर कुणाला घेत नाहीत, ‘पुढच्या वर्षी या’ म्हणतात आणि ते खरंच तसंच असतं. सेमिस्टर सुरू होतानाच फोन करा. नंबर राजारामपुरीतल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलात तर मिळेल. फोन सकाळी करा, दुपारी दोन ते चार ते झोपलेले असतात.